सोनालू अजून पोहोचली नाही

तोफाज्जलला विचारलंत, तर तो सरळ नाही म्हणेल.

"तसलं काही झालं नाही. धुकं होतं, उशीर झाला, संपलं." एवढं बोलून तो विडी पेटवेल आणि दुसरीकडे बघेल.

पण झालं.

तोफाज्जल माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याच्या फेरीवरचा खलाशी, लस्कर लोकमान, आजही कुराणावर हात ठेवून सांगायला तयार असतो. आणि जोहोरा खाला त्या दिवशी फेरीवरच होती. परक्याला नाही म्हणणाऱ्या तोफाज्जलसकट तिघांनी मला वेगवेगळ्या वेळी सांगितलं आणि तिघांचं सांगणं जुळलं. म्हणून लिहितोय. विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पटवून देत बसायचं त्राण माझ्यातही नाही.

भुताखेताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही सकाळची आहे. चांगलं उजाडलेलं होतं. बसमधले लोक चहा पीत होते.

पौष महिना होता. पद्मा नदीवरचा धुलदी घाट. पुलाचे खांब वरच्या अंगाला उभे राहिले होते, पण पूल व्हायचा होता. तोवर सगळा भार फेरीवर. बस, ट्रक, बैल, नवरदेव, मयत, सगळं फेरीतूनच जायचं.

तोफाज्जल 'सोनालू' फेरीचा मास्टर. वय साठीला आलेलं. तीसेक वर्षं त्याने या काठाच्या गाड्या त्या काठाला आणि त्या काठाच्या या काठाला नेऊन टाकल्या. घरी आला की जेवताजेवता डुलक्या घ्यायचा. माझी बहीण रोकेया त्याच्या हातातला घास काढून ताटात ठेवायची आणि त्याला आडवं करायची.

त्या सकाळी सोनालू पलीकडच्या काठावरच्या बाहिरचरहून सुटली, तेव्हा धुकं विरळ होतं. समोरचा काठ दिसत नव्हता, पण पाणी दिसत होतं. नदीच्या मध्यावर आली आणि धुकं असं खाली बसलं, की तोफाज्जलला स्वतःच्या फेरीचं नाक दिसेना.

त्याने इंजिन बंद केलं. लोकमानने नांगर सोडला.

"आता बसा," लोकमान म्हणाला. "दुपारचं जेवण इथंच."

धुक्यात फेरी हलवायची नाही, असा कायदाच होता. समोर वाळूचा चर, म्हणजे पाण्यातलं बेट, बाजूला नांगर टाकून उभी वाळूची बल्कहेड जहाजं. कशावर जाऊन आदळू, सांगता येत नाही. तोफाज्जलने केबिनमधल्या बाकावर अंग टाकलं. त्याला मनातून बरंच वाटलं. तेवढीच झोप.

डोळा लागतोय तोच लोखंडी जिना धडधडला.

"मास्टर कोण आहे इथला?"

एक म्हातारी वर आली होती. दम लागलेला, पदर कमरेला खोचलेला.

"मीच. खाला, वर नका येऊ, जिना ओला आहे."

"जिना ओला आहे म्हणे! खाली मायक्रोबसमध्ये माझी सून तळमळतेय आणि ह्याला जिन्याची पडलीय. ऊठ! चालव तुझा हा लोखंडी रेडा."

ही जोहोरा खाला. तिची सून शिउली, पहिलटकरीण. रात्रीपासून कळा चालू होत्या. गावच्या दाईने हात टेकले. मूल आडवं आहे, धुलदीच्या इस्पितळात न्या, नाहीतर दोघंही जातील, असं सांगून ती मोकळी झाली होती. मायक्रो फेरीत सगळ्यांच्या पुढे लावली होती. पण पुढे लावून काय उपयोग, फेरीच जागची हलत नव्हती.

"खाला, दिसत नाही हो काही. चरावर चढली तर दुसरी फेरी येऊन ओढेपर्यंत अडकून पडू."

"आणि आता काय करतोय? पोहतोय?"

लोकमानला हसू आलं. म्हातारीने त्याच्याकडे असं पाहिलं, की ते तोंडातच राहिलं.

"मास्टर," तिचा आवाज एकदम उतरला. "माझ्या पोराला मी काय सांगू? तो ढाक्यात शिवणाच्या कारखान्यात. त्याने माझ्या भरवशावर बायको गावी ठेवली. खाली जाऊन एकदा बघ तिला. बघ, आणि मग म्हण, दिसत नाही म्हणून."

तोफाज्जल खाली गेला नाही. जायची गरजच नव्हती. शिउलीचं कण्हणं वरपर्यंत ऐकू येत होतं.

त्याने वायरलेसवर घाटाला विचारलं. घाटाने सांगितलं, जागच्या जागी थांबा. त्याने परत विचारलं. घाट म्हणाला, "मास्टर, बुडालात तर नाव आमचं होईल. थांबा."

तो थांबला.

तास गेला असेल. धुकं तसूभर हललं नाही.

आणि मग शिउलीचं कण्हणं थांबलं.

तोफाज्जल दचकून उठला. पण तेवढंच थांबलं नव्हतं. बसमधला रेडिओ थांबला होता. मागच्या ट्रकमध्ये पिंजऱ्यात कोंबलेली बदकं निघाल्यापासून कलकलत होती... ती गप्प झाली होती. फेरीच्या अंगावर पाणी चपचप आपटत असतं, ते कधी थांबत नाही.

तेही थांबलं होतं.

"उस्ताद..." लोकमान दारात उभा होता. "ऐकलंत?"

"काय?"

"ऐका."

दूरवर... कर्ण्याची खरखर. कुणीतरी माइकवर फुंकर मारली. दोनदा.

मग आवाज आला.

"मयूरी... ओ मयूरी... इकडं ये रे बाबा... आवाजावर ये..."

तोफाज्जलने आवाज ओळखला.

तो आवाज धुलदी घाटावर कोण ओळखत नव्हतं? ऐनुद्दीन हुजूर. जुन्या घाटावरच्या मशिदीत अजान देणारे मुअज्जिन. धुकं पडलं, की पहाटेची फजरची नमाज आटपून हुजूर माइकपाशी बसायचे आणि नदीत अडकलेल्या एकेका नावेला, लाँचला, फेरीला नाव घेऊन हाक मारायचे. कायदा काही म्हणो, धुलदीची माणसं त्या आवाजावर काठाला लागायची. रीत ठरलेली होती. आपलं नाव ऐकलं, की एक लांब भोंगा द्यायचा, म्हणजे हुजूरांना कळायचं, ऐकतोय. मग ते तुम्ही काठाला लागेपर्यंत तुम्हाला सोडायचे नाहीत. काठाला लागलात, की दोन आखूड भोंगे. पोहोचलो. मग हुजूर 'अलहमदुलिल्लाह' म्हणायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. दोन भोंगे दिल्याशिवाय ते कुणाला पोहोचला मानायचे नाहीत. एकदा एक नावाडी काठाला लागून, भोंगा न वाजवता घरी जाऊन झोपला. हुजूर दुपारपर्यंत त्याच्या नावाने ओरडत बसले होते.

ते हुजूर छातीच्या दुखण्याने वारले. मशिदीमागे खजुराखाली त्यांना मूठमाती दिली. मीही होतो खांद्याला.

आणि पुढच्या वर्षी नदी वळली. एका पंधरवड्यात तिने जुना घाट खाल्ला, भाताची हॉटेलं खाल्ली, मशीद खाल्ली. खजुराचं झाड कबरीसकट आडवं होऊन गेलं. नवा घाट मागे सरकवून बांधला. जुनी मशीद होती, तिथे आता फेरी तरंगेल एवढं पाणी होतं.

म्हणजे हाक मारणारा नव्हता. माइक नव्हता. माइक लावायला जमीनसुद्धा नव्हती.

"मयूरी... ये रे..."

आणि डावीकडून, धुक्यातून, एक बारीक भोंगा वाजला.

लांब. एकच.

लोकमान खाली बसला. "उस्ताद, मयूरी तर..."

"माहितीये मला."

मयूरी नावाचं लाँच कालबैशाखीच्या वादळात उलटलं, तेव्हा लोकमान तिशीतही नव्हता. प्रेतं काढायला दोघंही गेले होते.

"शाहीन... ओ शाहीन... फार वेळ झाला रे तुला... ये..."

उजवीकडून भोंगा. जाड, घोगरा.

शाहीनही बुडालेलं. मग आणखी एक नाव. आणखी एक. नदीने गिळलेल्या एकेका बोटीचं नाव हुजूर घेत होते आणि धुक्यातून एकेक जण उत्तर देत होता. कुणी जवळून, कुणी लांबून. आवाजात घाई नव्हती, राग नव्हता. दमलेला आवाज. दिवसभर पोरांना हाका मारून आईचा घसा बसतो ना, तसा. लोकमान म्हणतो, भीती त्याचीच जास्त वाटली. हुजूर इतके दमले होते आणि तरी थांबत नव्हते.

मग थोडा वेळ काहीच नाही.

माइकवर फुंकर...

"सोनालू."

तोफाज्जलने डोळे मिटले.

"ओ सोनालू... तोफाज्जल, घाट इकडं आहे... आवाजावर ये..."

"हात लावू नका," लोकमान पुटपुटला. भोंग्याची दोरी तोफाज्जलच्या डोक्यावर लोंबत होती. "उस्ताद, पाया पडतो. उत्तर देऊ नका. उत्तर कोण देतंय ते ऐकलंत ना? त्यांच्यात आपलं नाव नको."

खालून जोहोरा खाला धावत वर आली.

"बहिरे झालात का दोघं? ते कधीचे नाव घेऊन बोलावताहेत! तुझंच नाव ना तोफाज्जल? मग दे की ओ!"

तिला हुजूर माहीत नव्हते. ती बाहिरचरच्या आतल्या गावची. तिच्या लेखी घाटावरून कुणी देवमाणूस हाक मारत होता आणि हे दोघे दगडासारखे बसले होते.

"खाला, शिउली कशी आहे?" तोफाज्जलने विचारलं.

"कण्हायचंही बळ राहिलं नाही तिच्यात. ओठ पांढरे पडलेत." म्हातारीने हात जोडले. "तुला मुलं आहेत का रे, मास्टर?"

तोफाज्जलला मुलं नव्हती. झाली होती, राहिली नाहीत. रोकेयाची दोन्ही बाळंतपणं अशीच गेली. एकदा वाट चिखलाची होती आणि एकदा घाटावर बोट नव्हती.

त्याने म्हातारीला हे काही सांगितलं नाही. दोरी ओढली.

लांब. एकच.

सोनालूचा भोंगा धुक्यात घुमला आणि त्याबरोबर बाकीचे सगळे भोंगे बंद झाले. जसे काही ते थांबून ऐकत होते.

"शाब्बास," आवाज म्हणाला. "ये. हळूहळू ये."

लोकमानने नांगर उचलला. नाइलाजाने, शिव्या देत, रडत उचलला. इंजिन सुरू झालं. तोफाज्जलने फेरीचं नाक आवाजाकडे वळवलं.

समोर पांढऱ्या भिंतीशिवाय काही नाही. आवाज पुढे.

"डावीकडं नको... तिथं वाळू आहे... हां, अशी... ये."

फेरी एकटी चाललेली नव्हती. कुणी दिसत नव्हतं, पण दोन्ही अंगांनी लाटा येऊन आपटत होत्या. शेजारून मोठं लाँच गेलं, की येतात तशा. बसमधल्या प्रवाशांनी खिडक्या लावून घेतल्या. एकाने नंतर सांगितलं, त्याला धुक्यातून माणसांची कुजबुज ऐकू आली. कुणीतरी विचारत होतं, अजून किती लांब आहे?

आवाज जवळ आला. आणखी जवळ. मग...

मग तो खालून येऊ लागला.

लोकमानच्या पायाखालचा पत्रा थरथरत होता. इंजिनाची थरथर त्याला ओळखीची. ही ती नव्हती. शब्दाशब्दाला पत्रा हलत होता. "ये... ये... ये..." फेरी बरोबर त्या जागेवरून चालली होती. जिथे मशीद होती. जिथे खजूर होता.

तोफाज्जल सुकाणू धरून उभा होता. त्याने हळूच म्हटलं, "अस्सलामु अलैकुम, हुजूर."

उत्तर आलं की नाही, ते तो सांगत नाही.

मग आवाज मागे पडला. आणि नाकासमोर, हातभर अंतरावर, नव्या घाटाचा तरंगता धक्का, पाँटून, उभा राहिला. दिवे, रिक्षा, मुरमुरेवाला, वायरलेसवर थांबा थांबा म्हणणारा बाबू. सगळे तोंडं उघडी टाकून बघत होते.

मायक्रो आधी सुटली. जोहोरा खालाने जाताना मागे वळूनही पाहिलं नाही. ती कुठून बघणार!

आणि इथे चूक झाली.

तोफाज्जलचा हात सवयीने दोरीकडे गेला. दोन आखूड भोंगे. पोहोचलो. पण लोकमानने त्याचं मनगट धरलं.

"कुणाला कळवताय, उस्ताद? तिकडं कोण आहे? झालं ना काम? आता पुन्हा कशाला नाद लावून घेताय?"

तोफाज्जल दमला होता. वाद घालायचंही त्राण नव्हतं. लोकमानचं म्हणणं खोटंही नव्हतं, मेलेल्या माणसाला पोहोचल्याचा निरोप कोण देतं? त्याने हात खाली घेतला, तिथेच बाकावर आडवा झाला आणि त्याला मेल्यासारखी झोप लागली.

धुकं उठलं दुपारी. तोपर्यंत सोनालू पाँटूनला दोरखंडाने बांधलेली होती. आणि तोपर्यंत नदीतून मधूनमधून हाक येत होती.

"सोनालू... कुठं राहिलीस... ये गं..."

शिउली वाचली. मुलगी झाली, तीही वाचली. जोहोरा खालाने खजुराच्या गुळाची ढेप घाटावर पाठवली. लोकमानने खाल्ली. तोफाज्जलने नाही खाल्ली.

पुढे पूल झाला. ज्या दिवशी झाला, त्या दिवशी लोक नाचले. मीही नाचलो, का नाचू नये? घाट मात्र महिन्याभरात मेला. हॉटेलांना कुलपं लागली, पाँटून ओढून नेला. सोनालू भंगारात गेली आणि कापली गेली. तोफाज्जल सुटला. घरी आला आणि झोपला. माझी बहीण म्हणाली, "महिनाभर नुसता झोपतोय. झोपू दे बिचाऱ्याला."

पण धुक्याच्या दिवशी तो झोपायचा नाही. तिने ते मला नंतर सांगितलं.

पुलानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात जोहोरा खाला त्याचं घर शोधत आली. कडेवर नात, टुनी. तीन वर्षं पूर्ण व्हायची होती. आईबाप ढाक्याला कारखान्यात, नात आजीपाशी. पुरामागून पूर आल्याने त्यांचं घर बाहिरचरहून हललं होतं आणि आता ती धुलदीच्या अलीकडेच काठावर राहत होती.

म्हातारी ओळखू येत नव्हती. डोळे आत गेलेले.

"मास्टर, झोप नाही मला," ती ओट्यावर टेकत म्हणाली. "धुकं पडलं की ही उठते. कडी काढते आणि चालायला लागते. नदीकडं. मागच्या आठवड्यात गुडघाभर पाण्यात सापडली. आता माझ्या पदराचं टोक हिच्या पायाला बांधून मी जागी बसते."

"लहान आहे, खाला. झोपेत चालत असेल."

"जागी असते! मी विचारलं, कुठं निघालीस गं बये? म्हणते, दादू बोलावतात. कुठले आजोबा, कुणास ठाऊक!"

तोफाज्जलने हातातली विडी विझवली.

"काय म्हणून बोलावतात, तेही विचारलं मी." म्हातारीने नातीच्या तोंडावरून हात फिरवला. "सांग गं, आजोबांना सांग. दादू काय म्हणतात?"

मुलीने तोफाज्जलकडे पाहिलं आणि सहज सांगितलं.

"सोनालू, ये."

रोकेयाच्या हातातून तांदळाच्या गोड पिठ्यांची ताटली पडली.

"आम्ही घरात कधी ते नाव काढलं नाही, मास्टर. हिला वाटतं, सोनालू हिचंच नाव आहे. मी टुनी म्हणून हाक मारली, तर हल्ली बघतही नाही." म्हातारी रडत नव्हती. रडण्यापलीकडे गेली होती. "त्या दिवशी मीच तुझ्या मागे लागले, ओ दे म्हणून. कुणाला दिलास रे तू ओ?"

तोफाज्जलने तिला सगळं सांगितलं. हुजूर कोण, रीत काय, काय राहून गेलं.

म्हातारीने ऐकून घेतलं. मग तिला जो राग आला!

"दोन भोंगे! दोन भोंगे द्यायला काय धाड भरली होती तुला? माझ्या नातीच्या जिवाशी खेळ मांडलास! जा, आत्ताच्या आत्ता वाजव."

"कशाने वाजवू, खाला? फेरी कापून विकली."

माझ्या बहिणीने चहा केला. कुणी प्यायला नाही. शेवटी तोफाज्जल म्हणाला, "तोंडाने सांगतो. धुकं पडू दे."

तिसऱ्या दिवशी पडलं. दाट.

उजाडल्यावर तोफाज्जल घाटाच्या रस्त्याने निघाला. तो रस्ता आता काठाशी येऊन मधेच तुटलेला आहे, खाली सरळ पाणी. मागून जोहोरा खाला, कडेवर टुनी. टुनीचा पाय पदराला बांधलेला. मुलगी खुशीत होती. जत्रेला निघाल्यासारखी बोटाने पुढे दाखवत होती.

काठापासून थोडं मागे म्हातारीला थांबवून तोफाज्जल टोकाला गेला. धुक्यात त्याची नुसती पाठ दिसत होती.

या वेळी म्हातारीला हाक ऐकू आली नाही. ती सांगते, काहीच नव्हतं. पाण्याचासुद्धा आवाज नव्हता. तिला फक्त तोफाज्जल ऐकू येत होता.

"हुजूर, मी तोफाज्जल. सोनालू पोहोचली."

मग तो थांबला. मान तिरकी करून ऐकत राहिला.

"हो. त्याच दिवशी पोहोचली. सांगायचं राहून गेलं, माफी असावी."

पुन्हा थांबला.

"हो, बसपण उतरली... ट्रकही उतरले... हो, लोकमान घरी आहे. नातवंडं आहेत त्याला."

थांबला.

"ती सूनही उतरली, हुजूर. आणि पोटातलं मूलही. दोघंही काठावर आहेत. तिला बोलावू नका, ती पोहोचलेली आहे. तिचं नाव टुनी."

कडेवरची मुलगी एकदम आजीच्या खांद्यावर मान टाकून झोपली. पौषातल्या थंडीत अंग गरम, श्वास संथ. म्हातारीच्या छातीवरचा दगड उतरला. तिला वाटलं, झालं, सुटलो. तिने मास्टरला हाक मारायला तोंड उघडलं.

पण तोफाज्जल अजून ऐकत होता.

बराच वेळ ऐकत राहिला. कुणीतरी त्याला एक शेवटचा प्रश्न विचारला असावा आणि त्याला खोटं बोलता येत नसावं.

मग तो म्हणाला, "नाही हुजूर. मी नाही पोहोचलो अजून."

आणि माघारी आला. चेहरा शांत होता. वाटेत त्याने म्हातारीच्या कडेवरून मुलीला घेतलं आणि घरापर्यंत आणलं.

टुनी त्यानंतर धुक्यात कधी उठून चालू लागली नाही. आता शाळेत जाते. टुनी म्हणून हाक मारली, की ओ देते. जोहोरा खाला रात्री घोरते म्हणून शेजारी तक्रार करतात.

गेल्या हिवाळ्यात मी बहिणीकडे राहायला गेलो होतो. सकाळी उठलो तर बाहेर धुकं. अंगणातली विहीर दिसत नव्हती. तोफाज्जल ओट्यावर बसला होता. अंघोळ केलेली, धुतलेला पंजाबी कुडता, पायात बूट. विडीही पेटवलेली नव्हती.

"दुलाभाई, कुठं निघालात?" मी मेव्हण्याला विचारलं.

"कुठं नाही. बसलोय."

"बूट घालून?"

"माझं नाव अजून आलं नाही," तो म्हणाला. अगदी सहज.

माझी बहीण आतून रेडिओ घेऊन आली. तिने तो त्याच्या शेजारी ठेवला आणि मोठ्याने लावला. गाणी होती, बातम्या होत्या, कसली तरी जाहिरात होती. धुकं असलं, की ती उजाडल्यापासून धुकं उठेपर्यंत तसाच लावून ठेवते. माझ्याकडे न बघता ती आत गेली आणि भाजी चिरायला बसली.

तोफाज्जलने ती आत जाईपर्यंत वाट पाहिली.

मग हात पुढे केला आणि रेडिओचा आवाज हळूच कमी केला.